ग्रंथपालाचे शिक्षण आणि नवी यंत्रे

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात एखाद्या शैक्षणिक विषयावर विचार मांडावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल प्रथमतः मंडळाचे मनःपूर्वक आभार मानतो. संस्थेच्या व्यासपीठावरून शिक्षण, उद्योगधंदे, आरोग्य, विवाहातील अवाजवी खर्च अशा नानाविध विषयांचा ऊहापोह होत असतो. आम्ही निवडलेला विषय त्या मानाने साधा वाटेल. ग्रंथपालाला शिक्षण कसे द्यावे आणि नव्या यंत्रांच्या काळात त्या शिक्षणात कोणती सुधारणा व्हावी, यासंबंधी आम्ही बोलणार आहो. आमची काही वर्षे या शास्त्राच्या अध्यापनात गेली, एवढाच आमचा अधिकार.

हा विषय ज्ञातिसंस्थेपुढे कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, आपल्या घराघरांतून मुलामुलींच्या शिक्षणाचे निर्णय होतात, आणि त्यांपैकी कित्येकांना संस्थेचा विद्यार्थी साहाय्यक निधी हातभार लावतो. मुलाने वैद्यकीची किंवा अभियांत्रिकीची वाट धरली, तर घरात पेढे वाटले जातात. मुलीने ग्रंथालयशास्त्र शिकावयाचे म्हटले, तर घर क्षणभर गप्प होते, आणि मग कोणीतरी वडीलधारे म्हणतात, "दुसरे काही मिळाले नाही वाटते!" पुस्तक कपाटातून काढावयाचे, वहीत नोंद करावयाची आणि वाचकाच्या हाती ठेवावयाचे, याला शिक्षण ते काय हवे, अशी समजूत सर्वत्र आहे. आता तर त्या समजुतीला नवा आधार मिळाला आहे. सारे ज्ञान खिशातल्या फोनवर आले, तेव्हा ग्रंथपाल हवा कशाला, असे सुशिक्षित माणसेही विचारतात. या प्रश्नाला उत्तर देण्याआधी थोडे मागे वळून पाहणे अवश्य आहे.

ग्रंथपालनाचे शिक्षण विद्यालयाच्या स्वरूपात प्रथम सुरू झाले ते १८८७ साली, न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात. ते सुरू करणारे मेल्व्हिल ड्यूई हे दशांश वर्गीकरणाचे जनक. त्या विद्यालयाच्या पहिल्या वर्गात बहुसंख्य स्त्रिया होत्या, ही गोष्ट त्या काळी अनेकांना खटकली होती. त्या काळच्या विद्यार्थ्यांना एक विशिष्ट हस्ताक्षर गिरवावे लागे. तालिकेतील प्रत्येक पत्र निराळ्या माणसाने लिहिलेले असले तरी वाचकास ते एकाच हातचे वाटावे आणि अडखळल्यावाचून वाचता यावे, हा त्यातील हेतू. पुढे टंकलेखनयंत्र आले आणि हे हस्ताक्षर इतिहासजमा झाले. मात्र त्या पत्रावर काय लिहावयाचे, लेखकाचे नाव कोणत्या रूपात द्यावयाचे, ग्रंथाचा विषय कसा ठरवावयाचा, हे प्रश्न टंकलेखनयंत्रापुढेही तसेच राहिले, आणि आज संगणकापुढेही तसेच आहेत. आमच्या सांगण्याचे सार या एका उदाहरणात आहे. यंत्र बदलते, नोंदीमागचा विचार टिकतो. जे शिक्षण केवळ यंत्र शिकविते, ते दहा वर्षांत शिळे होते. जे केवळ विचार शिकविते आणि यंत्राला हात लावू देत नाही, ते विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी उघडे पाडते.

आपल्या देशात या शिक्षणाची सुरुवात एका मराठी संस्थानिकाच्या हातून झाली, ही आपल्या सर्वांना अभिमानाची गोष्ट आहे. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराज यांनी १९१० साली विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले, आणि १९११ साली तेथे ग्रंथपालांचा पहिला प्रशिक्षणवर्ग निघाला. सक्तीच्या शिक्षणाने साक्षर झालेली प्रजा पुन्हा निरक्षरतेत लोटली जाऊ नये, म्हणून गावोगाव ग्रंथालये हवीत, आणि ती चालवावयास शिकलेली माणसे हवीत, असा महाराजांचा सरळ हिशेब होता. बडोद्याहून खेडोपाडी लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये जात. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यासाठी जादूच्या दिव्याची चित्रे आणि चलच्चित्रे दाखविण्याची सोयही त्याच ग्रंथालय खात्याकडे होती. म्हणजे त्या काळातील अगदी नवे यंत्र ग्रंथालयाने परके मानले नाही. ते आपल्या कामाला जुंपले. नव्या यंत्राला भिणे ही आपल्या ग्रंथालयांची परंपरा नव्हे.

यानंतर नाव घ्यावयाचे ते डॉ. शि. रा. रंगनाथन यांचे. ते मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि शिक्षणासाठी त्यांना लंडनला पाठविण्यात आले. तेथील एका दुकानात मुलांचे मेकॅनो नावाचे खेळणे त्यांनी पाहिले. पट्ट्या, चाके आणि खिळे त्याच. पण जोडणी बदलली की कधी गाडी होते, कधी पूल होतो. ग्रंथाचा विषयही असाच लहान लहान घटकांच्या जोडणीने का सांगू नये, या विचारातून त्यांचे द्विबिंदू वर्गीकरण जन्मास आले व १९३३ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले होते. वाचकाचा वेळ वाचविणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य आहे, हा त्यांपैकी एक, आणि ग्रंथालय सतत वाढत जाणारी संस्था आहे, हा दुसरा. १९६२ साली त्यांनी बंगलोरला प्रलेखनाच्या संशोधनाचे आणि प्रशिक्षणाचे केंद्र स्थापन केले. आज आपण फोनवरून साडी किंवा चप्पल मागविताना रंग, माप, किंमत, कापड अशा वेगवेगळ्या बाजूंनी निवड अरुंद करीत जातो. एका वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहण्याची ही रीत रंगनाथन यांनी ग्रंथांसाठी फार पूर्वी शास्त्रशुद्ध करून ठेवली होती. बाजारातील यंत्रांनी ती उचलली. आमच्या वर्गांत मात्र ती पुष्कळदा परीक्षेपुरती पाठ केली जाते.

आता संगणकाकडे वळू. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात १९६० नंतरच्या दशकात हेन्रिएट अ‍ॅव्हरम या बाईंनी तालिकेतील नोंद यंत्राला वाचता येईल अशा साच्यात बसविली. त्या साच्याला मार्क असे म्हणतात. लेखकाचे नाव १०० या क्रमांकाच्या रकान्यात, ग्रंथनाम २४५ या रकान्यात, अशी ती रचना आजही जगभर चालू आहे. अ‍ॅव्हरमबाई ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या नव्हत्या. त्या संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या होत्या, आणि तालिकेचे मर्म त्यांनी जाणत्या तालिकाकारांकडून समजावून घेतले. यंत्र जाणणारे आणि ग्रंथ जाणणारे असे दोघे एकत्र बसले, तेव्हा हे काम झाले. पुढे १९९९ साली न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या लहानशा भागातील ग्रंथालयापुढे अडचण आली. त्यांची जुनी प्रणाली २००० साल उजाडताच बंद पडेल, असे भय होते. महागडी प्रणाली विकत घेण्याऐवजी त्यांनी नवी करविली आणि ती सर्व जगाला विनामूल्य वापरावयास दिली. तिचे नाव कोहा. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट असा आहे. आज भारतातील कितीतरी महाविद्यालये आणि ग्रंथालये तिच्यावर काम करतात. पैसा नाही म्हणून संगणक शिकविता येत नाही, ही सबब त्यामुळे बरीचशी लंगडी पडली आहे.

असे असताना आपल्याकडील शिक्षणाची स्थिती काय आहे? नाव पालटले आहे. ग्रंथालयशास्त्राचे ग्रंथालय आणि माहितीशास्त्र झाले. अभ्यासपत्रिकांत संगणक, अंकीय ग्रंथालय, कृत्रिम बुद्धिमत्ता हे शब्द येऊन बसले. कित्येक विभागांत उत्तम काम चालते, हेही आम्ही जाणतो. परंतु संगणकाच्या विषयात प्रथम श्रेणी मिळविलेले आणि कोहामध्ये एकही नोंद स्वतः न केलेले विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. पडद्यावर काय दिसते, याचे चित्र उत्तरपत्रिकेत काढून त्यांनी गुण मिळविलेले असतात. पोहण्याची परीक्षा कागदावर घ्यावी, तसा हा प्रकार आहे. अशा पदवीधराला नोकरी मिळते तेव्हा तो पहिल्या आठवड्यातच गोंधळतो, आणि मग संस्थाचालक म्हणतात, "यापेक्षा संगणकवाला मुलगा बरा." संगणकवाला मुलगा येतो, तो प्रणाली झटकन चालू करतो आणि एकाच लेखकाची चार नावे चार रीतींनी नोंदवून मोकळा होतो. दोन्हीकडे नुकसान वाचकाचे.

येथे आपल्या भाषेचा प्रश्न उपस्थित होतो, आणि आमच्या मते साऱ्या विषयाचे हृदय तेच आहे. इंग्रजी ग्रंथाची नोंद बहुधा कोणीतरी आधीच केलेली असते. ती जगाच्या दुसऱ्या टोकाच्या ग्रंथालयातून क्षणात उतरवून घेता येते. मराठी ग्रंथाची नोंद मात्र पुष्कळदा आपल्यालाच प्रथम करावी लागते. ती आपण केली नाही, तर दुसरे कोणीही करणार नाही. म्हणून मराठी मुलुखातील ग्रंथपालाला जास्त शिकावे लागते, कमी नव्हे. दुर्दैवाने आमच्या वर्गांतून सरावासाठी दिलेले ग्रंथ पुष्कळदा इंग्रजीच असतात.

मराठी ग्रंथाची नोंद करताना काय काय अडते, ते पाहा. पहिली अडचण अक्षरांची. संगणकात देवनागरी अक्षरांना जगन्मान्य संकेत देणारी युनिकोड पद्धती १९९१ साली प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे, प्रत्येक छपाईवाल्याचा टंक निराळा आणि त्याचे संकेतही निराळे. एका यंत्रावर टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडावा, तर अर्थहीन चिन्हांची रांग दिसे. या कटकटीला कंटाळून अनेक ग्रंथालयांनी मराठी ग्रंथांची नावे रोमन अक्षरांत नोंदविली. लक्ष्मी हे नाव कोणी एका प्रकारे लिहिले, कोणी दुसऱ्या प्रकारे. पुस्तक कपाटात आहे आणि यंत्र म्हणते, नाही! युनिकोड आल्यावरही सर्व प्रश्न सुटले असे नाही. कऱ्हाड हा शब्द घ्या. त्यातील अर्धा र संगणकात एकाहून अधिक रीतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात; यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात. त्यात कोणी कराड असेही लिहितो.

दुसरी अडचण शुद्धलेखनाची. १९६२ साली शासनमान्य झालेल्या लेखनविषयक नियमांनी व्युत्पत्तीने येणारे अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या ग्रंथांवर नांव, गांव, पांच, कांहीं अशी रूपे छापलेली आहेत. आजचा विद्यार्थी ती नाव, गाव, पाच, काही अशी लिहून शोधतो. जुनी रूपे जशीच्या तशी नोंदवावीत, हे तालिकेच्या शिस्तीला धरून आहे. पण जोडीला नवे रूपही द्यावे, म्हणजे दोन्ही काळांतील वाचकांना ग्रंथ सापडेल. हे यंत्र आपण होऊन करीत नाही. शिकलेल्या माणसाने ते त्याला सांगावे लागते.

तिसरी अडचण नावांची, आणि ती आपल्या भगिनींना चटकन समजेल. 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाला. हे टोपणनाव होते. लेखिकेचे माहेरचे नाव बाळूताई खरे आणि विवाहानंतरचे मालतीबाई बेडेकर. तीन नावे, एक व्यक्ती. ग्रंथालयाने ही नावे एकमेकांस जोडली नाहीत, तर एका लेखिकेच्या तीन लेखिका होतात. स्त्रियांचे लेखन इतिहासातून हरवते, याचे एक कारण त्यांची नावे बदलतात आणि नोंदी मात्र जोडल्या जात नाहीत, हेही आहे. अशी जोडनोंद कशी करावी, आणि जगातील सामाईक नामसूचींशी ती कशी सांधावी, हे आजच्या ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याला हाताने करता आले पाहिजे.

चौथी अडचण वर्गीकरणाची. ड्यूईंच्या दशांश वर्गीकरणात धर्मासाठी राखलेल्या २०० या वर्गातील बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माने व्यापली आहे. हिंदू धर्म २९४.५ या दशांशाच्या कोपऱ्यात आहे. संपूर्ण मराठी साहित्य ८९१.४६ या अंकाखाली आहे. ही रचना जेथे झाली, तेथील कपाटांना साजेशी ती असेल. आपल्या ग्रंथालयात अभंग, पोवाडे, बखरी आणि कुलवृत्तांत यांची मांडणी करताना विद्यार्थ्याला स्वतः विचार करावा लागतो. हा विचार करावयास शिकविणे म्हणजेच शिक्षण.

या साऱ्या अडचणींवर आता कृत्रिम बुद्धिमत्ता हा रामबाण उपाय आहे, असे सांगितले जाते. त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. २०२२ च्या नोव्हेंबर अखेरीस संभाषण करणारे एक यंत्र सर्वांसाठी खुले झाले, आणि तेव्हापासून अशी अनेक यंत्रे घरोघर पोहोचली आहेत. त्यांचे उपयोग खरे आहेत. जुन्या छापील पानाच्या छायाचित्रावरून मजकूर ओळखणे, लांब लेखाचा गोषवारा देणे, नोंदीचा पहिला मसुदा करणे, विषयाचे शब्द सुचविणे, ही कामे ती झपाट्याने करतात. पण जुन्या मराठी छपाईतील घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांची ती अदलाबदल करतात, तेव्हा तपासणारे डोळे मराठी वाचणारेच हवेत. शिवाय या यंत्रांना आणखी एक खोड आहे. एखाद्या विषयावरील ग्रंथांची नावे विचारली, की कधी कधी ती अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांची नावे, खऱ्या लेखकांच्या नावांसह, निःशंकपणे सांगतात. भाषा इतकी सफाईदार, की संशय येत नाही. वाचक ते नाव घेऊन ग्रंथालयात येतो आणि ग्रंथपालावर रागावतो.

म्हणून हे यंत्र वर्गाबाहेर ठेवावे काय? आमचे मत नेमके उलट आहे. ते वर्गात आणावे आणि त्याची परीक्षा घ्यावी. शं. ग. दाते यांनी गावोगावची ग्रंथालये धुंडाळून, ग्रंथ स्वतः पाहून, १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, आणि पुढे १९५० पर्यंतची भर घातली. विद्यार्थ्याने यंत्राला त्या काळातील एखाद्या विषयावरील दहा मराठी ग्रंथ विचारावेत आणि प्रत्येक नाव दात्यांच्या सूचीत व कपाटात पडताळावे. किती खरे, किती अर्धवट, किती मुळातच नसलेले, हे मांडावे. अशा एका तासिकेत यंत्राची शक्ती, यंत्राची मर्यादा आणि एका माणसाच्या निष्ठेची किंमत, या तिन्ही गोष्टी विद्यार्थ्याला एकदम उमगतील. व्याख्यानाने ते साधणार नाही.

यावरून शिक्षणाचे आधुनिकीकरण म्हणजे काय असावे, याची आमची कल्पना आपल्या ध्यानी आली असेल. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षभरात निदान काही शेकडा नोंदी स्वतः कराव्यात, त्यांतील अर्ध्या तरी मराठी ग्रंथांच्या व देवनागरीत असाव्यात, आणि त्या अनुभवी माणसाने तपासाव्यात. त्याने एखादे तरी जुने मासिक अंकीय रूपात आणून, वर्णनासह, लोकांना सापडेल असे ठेवावे. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याचा हक्क राहतो. तेव्हा काय खुले करता येते आणि काय येत नाही, हे त्याने शिकावे. वर्षातील काही महिने त्याने चालत्या ग्रंथालयात उमेदवारी करावी. आणि शिक्षकांनीही दर काही वर्षांनी पुन्हा विद्यार्थी व्हावे. वकिलीत नवा कायदा वाचावा लागतो, वैद्याला नवे औषध शिकावे लागते. आमच्या क्षेत्रातच जुन्या टिपणांवर निवृत्तीपर्यंत निभावून नेण्याची सवड का असावी?

याविरुद्ध एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. खेड्यातील वाचनालयात दिवसाकाठी वीज किती वेळ असते, अनुदान किती तुटपुंजे असते, ग्रंथपालाचे मानधन किती असते, हे पाहता ही सारी शहरी चैन नव्हे काय? महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, आणि त्याखाली दहा हजारांहून अधिक ग्रंथालये अनुदानावर चालतात. त्यांतील कित्येकांची ओढाताण आम्हांस ठाऊक आहे. नोकऱ्या मुबलक आहेत, असेही आम्ही सांगणार नाही. पुष्कळ महाविद्यालयांत ग्रंथपालाची जागा रिकामी असते किंवा तात्पुरत्या कराराने भरली जाते. पण याच कारणामुळे अर्धवट शिक्षण परवडत नाही. ज्या ग्रंथालयात एकच माणूस असतो, तेथे त्यालाच तालिकाकार, देवघेव पाहणारा आणि यंत्रज्ञ व्हावे लागते. वाचकाजवळ फोन असतो, पण विश्वासाची माहिती कोठे आहे हे त्याला माहीत नसते. २०१८ साली राष्ट्राला अर्पण झालेले राष्ट्रीय अंकीय ग्रंथालय, विद्यापीठांतील प्रबंध खुले करणारी शोधगंगा, ही दालने विनामूल्य आहेत. खेड्यातील विद्यार्थ्याला तेथवर हात धरून नेणारा मात्र हवा. शिवाय रुग्णालये, वृत्तपत्रे, वकिलांच्या पेढ्या, संशोधनसंस्था आणि उद्योग यांतही माहिती रचून ठेवणाऱ्या माणसांची गरज भासते. तेथे पाटीवर ग्रंथपाल असे लिहिलेले नसेल. काम तेच असते.

आता पालकांस चार शब्द. आपल्या मुलास किंवा मुलीस या अभ्यासक्रमास घालावयाचे असेल, तर शुल्क भरण्यापूर्वी त्या विभागात जाऊन विचारा. दर विद्यार्थ्यामागे संगणक आहे काय? वर्षभरात विद्यार्थी स्वतः किती नोंदी करतो? मराठी ग्रंथ देवनागरीत नोंदविले जातात काय? उमेदवारी कोठे आणि किती काळ असते? शिक्षकांनी अलीकडे कोणते नवे काम केले? उत्तरे गुळमुळीत मिळाली, तर दुसरे दार ठोठवा. विवाह जुळविताना आपण सात घरी चौकशी करतो. शिक्षणाच्या बाबतीत एका जाहिरातीवर विसंबून का राहावे?

शेवटी संस्थेस आमच्या दोन नम्र सूचना आहेत. पहिली अशी की, विद्यार्थी साहाय्यक निधीतून दरसाल निदान एक शिष्यवृत्ती ग्रंथालय आणि माहितीशास्त्राच्या हुशार विद्यार्थ्यास द्यावी. दुसरी मार्ग न सापडल्यामुळे आलेल्यास नव्हे, तर आवडीने आलेल्यास ती द्यावी, म्हणजे या व्यवसायाकडे पाहण्याची घराघरांतील दृष्टीही हळूहळू पालटेल.

दुसरी सूचना कामाची आहे. आपल्या संस्थेच्या जुन्या स्मरणिका, अहवाल, आणि निरनिराळ्या घराण्यांचे कुलवृत्तांत आज कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या ट्रंकेत पडले आहेत. वडील गेले की नवी पिढी फ्लॅट आवरते आणि ते रद्दीत जातात. काही घरांत मोडी कागदही आहेत. मोडी लिपीलाही २०१४ पासून युनिकोडमध्ये स्थान मिळाले आहे, पण ती वाचणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. हे सारे साहित्य गोळा करून शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्यांकडून त्याची शास्त्रशुद्ध सूची करवून घ्यावी. त्यांना खरा सराव मिळेल आणि आपल्याला आपला इतिहास. त्यात लेकीसुनांची माहेरची आणि सासरची नावे जोडली जावीत, हा आमचा आग्रह आहे. कुलवृत्तांतांत मुलांच्या पाच पिढ्या सापडतात आणि मुली विवाहाबरोबर पानावरून नाहीशा होतात; ती उणीव भरून काढण्याची ही संधी आहे. मात्र हयात व्यक्तींचे पत्ते, जन्मतारखा, दूरध्वनी क्रमांक यांना कुलूप असावे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेने केला आहे, आणि कायदा नसता तरी सभ्यतेला ते धरूनच आहे.

आणि ही सूची तयार झाल्यावर ती सर्वांना खुली असावी. ज्ञातीच्या निधीतून शिकलेला ग्रंथपाल केवळ ज्ञातीचा राहत नाही. त्याच्या खिडकीशी येणाऱ्या वाचकाला तो आडनाव विचारतो ते केवळ नोंदीपुरते. आपल्या पूर्वजांनी काय छापले, काय जपले, हे उद्या दुसऱ्या कोणत्याही समाजातील अभ्यासकाला पाहावेसे वाटले, तर ते त्याला विनासायास मिळावे. सयाजीरावांनी गावोगाव पेट्या पाठविल्या, त्या कोणा एका ज्ञातीसाठी नव्हत्या.

वेळेची मर्यादा आम्हांस ठाऊक आहे, आणि भोजनाची वेळही जवळ आली आहे. कार्यकारी मंडळाने या दोन सूचनांचा आगामी सभेत विचार करावा, आणि ज्यांच्या घरी जुन्या स्मरणिका असतील त्यांनी त्या रद्दीत देण्यापूर्वी संस्थेच्या कार्यालयात कळवावे, एवढी विनंती आहे.